हरवलेल्या वासराची गोष्ट

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्डर आहे, आणि गेल्या रविवारपासून मला कुणाला तोंड दाखवायची लाज वाटते आहे.

कारखान्यातला जन्म, त्यात सांगण्यासारखे काही नाही. वेलिंग्टनच्या विद्यापीठात मी पुण्याच्या निवेदिताच्या हाती आलो. ती सासक भाषेचा अभ्यास करते. इंडोनेशियातल्या लोंबोक बेटावर ही भाषा बोलतात. आपल्या ‘चालत चालत’सारखे जोडीचे शब्द तिथेही आहेत, आणि ते कसे घडतात हे शोधण्याचा निवेदिताला भारी नाद. त्यासाठी ती मला घेऊन ट्रेनने जवळच्या पोरिरुआ शहरात जायची. तिथे हयाती नावाची नर्स राहते. लोंबोकहून तिची आई आली होती. घरात त्यांना पापुक म्हणत, म्हणजे आजी. हयाती ड्यूटीवर आणि नात निसा शाळेत असताना आमचे काम चाले.

एकदा पापुक एका मुलीची गोष्ट सांगू लागल्या. मुलीचे वासरू हरवले होते आणि ती ‘लम्पाक-लम्पाक’, हिंडत हिंडत, शोधायला निघाली होती. निवेदिताने लगेच अडवले, "पापुक, तेवढा शब्द परत म्हणा ना." त्यांनी म्हटला. थोडी गोष्ट झाली की पुन्हा तेच. हवे ते शब्द मिळाल्यावर तिने माझे बटण बंद केले. विभागात सगळे म्हणाले, किती स्वच्छ आवाज आलाय. मीही फुशारलो.

पापुक बेटावर परतल्या आणि तिथेच वारल्या. निसा आजीचा आवाज ऐकायला हटून बसली, म्हणून रविवारी आम्ही पुन्हा पोरिरुआला गेलो. माझ्यात होते ते सगळे मी ऐकवले. आजीची दोन वाक्ये, मग निवेदिता. पुन्हा आजी, पुन्हा निवेदिता. मग काहीच नाही.

"वासरू सापडलं का?" निसाने विचारले.

"पुढचं रेकॉर्ड झालं नाही गं."

"पण आंटी, तू तर तिथेच होतीस."

निवेदिताने मान खाली घातली. "होते. त्यांनी शेवटपर्यंत सांगितली. मी वायर गुंडाळत हं हं म्हणत होते. माझं लक्षच नव्हतं."

"आईने मला ही गोष्ट कधी सांगितली नव्हती," एवढेच हयाती म्हणाली आणि चहा ओतत राहिली.

मित्रांनो, बंद असताना मला ऐकू येत नाही. तुमच्या कानांना बटण नाही. कुणी गोष्ट सांगत असेल तर वायर नंतर गुंडाळा. माझ्या पोटात ती मुलगी अजून लम्पाक-लम्पाक हिंडते आहे.