हवेतले पेट्रोल

मित्रांनो, शेडच्या मागच्या भिंतीला टेकून गंज खात उभा असलेला मी एक जुना रिॲक्टर आहे. नाव भारदस्त असले तरी मी म्हणजे जाड पोलादाचे एक उंच नळकांडे. पण माझ्या पोटात हवा आणि पाणी यांच्यापासून पेट्रोल तयार होत असे!

मला घडवले दादाने. जहाजांच्या कारखान्यातली वेल्डरची पक्की नोकरी सोडून तो धाकट्या बहिणीच्या मदतीला आला होता. ती रसायनशास्त्र शिकलेली. घरात तिला चिमी म्हणत. हवेतून गोळा केलेला कार्बन डायऑक्साइड वायू आणि वीज लावून पाण्यातून काढलेला हायड्रोजन ती माझ्यात सोडी. त्या दाबाने आणि उष्णतेने माझा जीव मेटाकुटीला येई; पण दादा शेजारी उभा असला की मला भीती वाटत नसे.

पहिल्यांदा जेमतेम पेलाभर पेट्रोल निघाले. दादाने ते आपल्या मोटारसायकलमध्ये ओतले, चिमीला मागे बसवले आणि शेडभोवती फेऱ्या मारल्या. पेट्रोल संपून गाडी बंद पडली तेव्हा दोघे पोट धरून हसत होती.

मग माझे कौतुक सुरू झाले. लोक फोटो काढत. माझ्याविषयी सांगताना दादाला दिवस पुरत नसे.

एके दिवशी पैसे पुरवणाऱ्या कंपनीचे साहेब आले. म्हणाले, "हे स्वस्त कधी होणार?"

"मोठा कारखाना काढा, लगेच होईल," दादा म्हणाला.

चिमी जरा घुटमळली. मग म्हणाली, "थोडं स्वस्त होईल, पण पंपावरच्या पेट्रोलइतकं नाही. वीजच फार खातं हे. तीच वीज बॅटरीवरच्या गाडीत भरली, तर गाडी कितीतरी पट लांब जाते. विमानांना कदाचित याची गरज पडेल. रस्त्यावरच्या गाड्यांचं मात्र मी खोटं सांगणार नाही."

दादाचा चेहरा खर्रकन उतरला. साहेबांनी मान डोलावली आणि थोड्याच दिवसांत काम बंद झाले.

"परक्यांसमोर बोललीस, चिमे. आधी मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर थांबला असतास का?"

"नसतो थांबलो. पण असा एकटा पडलो नसतो."

त्यानंतर दोघांचे बोलणे तुटले. चिमी दुसऱ्या गावी शिकवायला गेली. दादाला त्या वयात जुन्या कारखान्याने परत घेतले नाही. तो रोज येई, मला तेलाच्या फडक्याने पुसून काढी आणि घरी जाई. एका हिवाळ्यात त्याचे येणे थांबले. छातीत दुखायला लागले आणि तो गेला, हे मला चिमी आली तेव्हा कळले. ती माझ्या पायाशी बसून म्हणाली, "तुझ्याशी बोलायला येणारच होते रे, दादा." मग बराच वेळ ती नुसतीच रडत राहिली.

मित्रांनो, मला वाचवा असे मी म्हणत नाही. भंगारवाला येईल, मी जाईन. चिमीचा हिशेब खरा होता आणि खरे बोलायलाच हवे. पण ज्या माणसाने एखाद्या कामात जीव ओतला आहे, त्याला ते खरे आधी तुम्ही सांगा, जवळ बसून. आणि सांगून झाले म्हणून लगेच उठून जाऊ नका.