फियाटजवळ

हुसेनसाब मिस्त्रींच्या गॅरेजसमोर ती फियाट बावीस वर्षं उभी होती. गुरुबसप्पा नावाचे कुणी गृहस्थ क्लच बदलायला ठेवून "संध्याकाळी येतो" म्हणून गेले. कोणत्या संध्याकाळी, ते बोलले नव्हते. हुसेनसाबांनी क्लच मात्र त्याच दिवशी बदलला.

गाडीबरोबर कागद एकही नव्हता. तरी दर दसऱ्याला पान्यांबरोबर तिलाही झेंडूचा हार मिळे, आणि ईदच्या आधी हुसेनसाबांच्या पत्नी अकबरीभाभी तिच्या टपावर शेवया वाळवत.

यंदा काचेवर महापालिकेची नोटीस चिकटली. मालकानं गाडी हलवली नाही तर भंगारात.

"जाऊ द्या," अकबरीभाभी शांतपणे म्हणाल्या. "माझ्या भावाच्या दारात स्वतःच्या गाडीतनं उतरवतो म्हनला होता तुमी. यष्टीतनं उतरते की."

भाऊ कुर्डुवाडीला रेल्वेत. हे बोलणं हुसेनसाबांना नोटिशीपेक्षा लागलं. ते आरटीओत गेले.

"मालकाला घेऊन या," कारकून म्हणाला.

"मालक व्हायलाच आलोय की साहेब."

"मग मालक असल्याचा कागद आणा."

"त्यो तुमीच देता न्हवं?"

"देतो. पण आधी आणावा लागतो."

पोलिसांनी गाडी चोरीची नसल्याचा दाखला दिला. पेपरात जाहीर नोटीस दिली, कुणी फिरकलं नाही. गुरुबसप्पांच्या जुन्या पत्त्यावर आता मंगल कार्यालय होतं. हुसेनसाब तिथं चौकशीला गेले, तर वरपक्षाकडचे समजून त्यांना पंगतीला बसवलं. जिलबी चांगली होती.

शेवटी कोर्ट. अजिनाथ वकील म्हणाला, "चाचा, एवढी वर्षं गाडी तुमच्याच दारात होती, याला पुरावा काय?"

हुसेनसाबांनी गल्लीत निरोप फिरवला. तारखेला सगळी गल्ली हजर. कुणाचं रेशनकार्ड, कुणाचं आधार, कुणाचं लाइटबिल. प्रत्येकावर पत्ता 'फियाट गाडीजवळ'. मायाप्पानं स्वतःची लग्नपत्रिका आणली होती. तिच्यात मांडव 'फियाटच्या डाव्या हाताला' होता आणि त्याची थोरली आता कॉलेजात होती.

न्यायाधीशांनी चष्मा पुसला. "ही गाडी कधीच हलली नाही?"

"एकदा टायर बसला तवा चार बोटं हलली, साहेब," हुसेनसाब म्हणाले. शपथेवर होते, लपवणार कसं.

निकाल त्यांच्या बाजूनं लागला. आरटीओनं गाडी जागेवरच तपासली, पावती दिली आणि आरसी बुक पोस्टानं घरी येईल म्हणून सांगितलं.

पुढच्याच आठवड्यात नवी बॅटरी, नवे टायर घालून दोघं कुर्डुवाडीला निघाले. फियाट हलली तशी खालून पांढरट चौकोन निघाला, आणि मायाप्पाच्या थोरलीची, विजयमालाची, कधीकाळी हरवलेली वाटी.

भावानं गाडीला दोन फेऱ्या मारल्या. "कुनाची?"

"आमची," अकबरीभाभी म्हणाल्या.

"बुक?"

"पोस्टानं येतंय."

"हं," भाऊ म्हणाला, आणि चार दिवसांच्या मुक्कामात गाडीचा विषय पुन्हा काढला नाही. अकबरीभाभी परतीच्या वाटेवर मोहोळपर्यंत बोलल्या नाहीत.

गल्लीच्या तोंडाशी मायाप्पा वाटच बघत होता.

"मिस्त्री, बुक आलतं की तुमचं."

"कुटं हाय?"

"परत गेलं. पोस्टमन नवा हाय. मला म्हनला, फियाट कुटं हाय? मी म्हनलं, कुर्डुवाडीला."

"मग?"

"त्यानं पाकिटावर लिवलं, 'पत्ता कुर्डुवाडीला गेला.' आमचीबी चार पत्रं गेली तशीच."

मागं-पुढं करत हुसेनसाबांनी फियाट त्या पांढरट चौकोनात नेमकी बसवली. चार बोटंसुद्धा इकडंतिकडं नाही. मग उतरून बायकोसाठी दार उघडलं.

अकबरीभाभी उतरल्या नाहीत. मोबाइल मांडीवर ठेवून त्या पदर सारखा करत होत्या.

"बुक येऊ द्या," त्या म्हणाल्या. "हितंच बसून बुकासकट फोटो काढायचाय. भावाला धाडते."

"पोस्टाचं काय सांगावं. आठ-पंधरा दिस लागतील."

"लागू द्या की."

हुसेनसाबांनी दार हळूच लावलं, आणि खिडकीतून विचारलं, "चहा हितंच आनू?"