नायकाच्या ओट्यावर सून

मोबाइलच्या रेंजला मानपान कळत नाही. कळत असता, तर आर्णीजवळच्या त्या बंजारा तांड्यात ती नेमकी नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, ओट्यावर आली नसती. टिनाच्या छपराखाली फोन मुका. पण बाहेर ओट्यावर, लिंबाच्या सावलीत, बसल्या जागी सारं जग हजर. आणि ओटा म्हणजे पुरुषांची बैठक. सुनांनी तिथून जायचं ते घुंगट ओढून, मान खाली घालून.

अशा घरात लॉकडाऊनमध्ये अडकली शीला, नायक फुलसिंग राठोडांची सून. पुण्यात पंप बनवणाऱ्या कंपनीत ती अकाउंटंट. होळीला सासरी आली होती. नवरा ओम औषध कंपनीत, त्याला परतावं लागलं. पुण्यातल्या बातम्या ऐकून तो तिला म्हणाला, ‘तू तिकडेच थांब.’ मार्च महिना, वर्षाचे हिशेब बंद करायची घाई, म्हणून बिचारीने सणालाही लॅपटॉप सोबत आणला होता. तेवढं एक बरं केलं होतं.

घरून काम सुरू झालं. पण कुठून? तिने गोठ्यात बसून पाहिलं, शिडी लावून छपरावर बसून पाहिलं, शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पळसाखाली बसून पाहिलं. यवतमाळचा एप्रिल तो! लॅपटॉप तव्यासारखा तापायचा आणि मिटिंग ऐन मुद्द्यावर तुटायची. इकडे ओट्यावरचे धावजी काका सगळ्यांना सांगत, “नायकाची सून दिवसभर मोबाइल खेळून राह्यली.” काम म्हणजे घाम, एवढीच त्यांची व्याख्या. घाम तर तिलाही येत होता, पण तो कोण बघतो?

एके दिवशी आवाज पुन्हा तुटला आणि साहेब म्हणाले, “शीला, घरून जमत नसेल तर स्पष्ट सांगा. उद्या वर्षाचे हिशेब मांडायचेत. मी दुसऱ्या कुणाला देतो.” त्या दिवसांत कंपन्या माणसं कमी करत होत्या. काम एकदा दुसऱ्याकडे गेलं की मागोमाग नोकरीही जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. उद्याचा दिवस तिने कसाबसा मागून घेतला खरा, पण मन खचलं होतं.

संध्याकाळी चुलीपाशी ती सासूला म्हणाली, “याडी, मी नोकरी सोडते.”

जमनीबाईंनी हातातली भाकरी तव्यावर टाकली, ती शेकली तशी उतरवली आणि मग तडक ओट्यावर गेल्या.

“ओटा उद्या सुनेले पाह्यजे,” त्यांनी नवऱ्याला सांगितलं. “तिच्या कामाची रेंज इथंच येते.”

फुलसिंग चपापले. “असं कसं? तांड्याची रीत हाय. लोक का म्हणतीन?”

“तुमचे आजेपंजे बैलावर मीठ लादून मुलुख फिरत होते ना? तवा बाया कुठं होत्या? त्याच रस्त्यानं, त्याच उन्हात चालल्या. तवा कोठचा ओटा अन् कोठची बैठक? हा तर आपल्या लग्नानंतर बांधला.”

“तवाची गोष्ट येगळी होती.”

“मंग आताची आयका. सरकारनं सांगतलं अन् तुमी साऱ्या माणसायनं तोंडाले दुपट्टे बांधले. जीव वाचवाचा होता, तं रीत बदलाले एक दिवस लागला नाही. पोरीची नोकरी वाचवाची म्हटलं, तं काहून जड जाऊन राह्यलं?”

फुलसिंगांनी तोंडावरचा दुपट्टा चाचपला. आयुष्यभर त्यांनी तांड्याचे न्यायनिवाडे केले होते. आज निवाडा त्यांच्याच घरचा होता आणि त्यांची बाजू लंगडी पडत होती.

सकाळी शीला बाहेर आली तर ओटा झाडलेला, वर सतरंजी अंथरलेली. बैठक समोरच्या बाभळीखाली, चक्क जमिनीवर.

“नायक, आज खाली?” धावजींनी विचारलं.

“वरतं काम चालू हाय,” फुलसिंग म्हणाले.

मिटिंग सुरू झाली. तेवढ्यात सासरे पाण्याचा तांब्या ठेवायला आले आणि सवयीने शीलाने घुंगट तोंडावर ओढला.

“शीला, दिसत नाही तुम्ही,” लॅपटॉपमधून साहेबांचा आवाज आला.

फुलसिंग थबकले. सुनेशी ते कधी थेट बोलले नव्हते. सगळा निरोप जमनीबाईंमार्फत.

“बेटी,” ते म्हणाले, “घुंगट राहू दे. तू माहा मान ठेवते, मले मालूम हाय. आता तुह्या कामाचा ठेव.”

शीलाने घुंगट मागे सारला. मग ती बोलली, आणि काय बोलली! एकेका प्रश्नाला ठाम उत्तर, कुठे अडखळणं नाही. बाभळीखालच्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण ही पोरगी पुण्याच्या साहेबांना समजावून सांगते आहे आणि ते ऐकून घेत आहेत, एवढं सगळ्यांना कळलं. गप्पा आपोआप थांबल्या.

शेवटी साहेब म्हणाले, “शाबास! यंदाचं काम तुमच्यामुळे वेळेत झालं. पुढच्या वर्षीचंही तुम्हीच बघा.”

हे फुलसिंगांना स्वच्छ ऐकू आलं होतं. तरी धावजींच्या कानावर पुन्हा पडावं म्हणून त्यांनी मोठ्याने विचारलं, “का म्हणत होते साहेब?”

“काम माझ्याकडेच राहिलं, मामाजी,” शीला म्हणाली. तीही पहिल्यांदाच त्यांच्याशी थेट बोलली.

 फुलसिंग धावजींकडे वळले, “आयकलं? सून हाय माही.”

 धावजी म्हणाले, “माही सून पुष्पा बी.कॉम. झालेली हाय. आमी कधी इचारलंच नाही तिले.”

मंडळी, घरच्या बाईचं काम आपल्याला दिसत नाही, कारण ते दिसेल अशा जागी आपण तिला बसूच देत नाही. नोकरी करणाऱ्या सुनेचा अभिमान चारचौघांत सांगायला सोपा असतो. तिच्यासाठी आपली जागा सोडून खाली बसणं अवघड. फुलसिंग खाली बसले आणि त्यांचं नायकपण तसूभरही कमी झालं नाही, उलट वाढलं. तुमच्याही घरात पंख्याखालची, उजेडातली, दार लावून निवांत बसता येईल अशी एखादी जागा असेल. तिथे कोण बसतं, ते आज बघा. आणि तुम्हीच बसत असाल, तर उठा.