चौथं कलम

मी अर्जनवीस. आष्टीच्या तहसीलीपुढं निंबाखाली टेबल टाकून पस्तीस वर्षं लोकायचे कागद लिहिले. खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, म्हणसान ते. त्यातून एक पक्कं समजलं. ज्या कलमाची कोणी मागणीच केली नाई, ते कागदात दिसलं तं समजा तिथंच पाणी मुरून राह्यलं.

गोष्ट दोन हजार दोन सालची. माझी पोरगी वर्षाली, डी.एड. झालेली, तिचं नाचणगावच्या कैलाससंगं जमलं. पोट्टा मास्तर, घरी शेती, घरात एकटी माय. साक्षगंध झालं अन् मंग दोघायनं काढलं नवीनच. म्हणे भटजी नाई, मंगळाष्टका नाई. सत्यशोधक पद्धतीनं लग्न, अन् आपापल्या शपथा आपणच लिहून मांडवात सगळ्यायपुढं वाचायच्या. कैलासच्या घरी तशीच लग्नं होतात. माझी ना नव्हती. म्या फक्त एवढंच म्हटलं, का पोराच्या शपथा आधी मले दाखवा. कागद म्हटला का मी पाह्यल्याबिगर कसा जाईन?

आठ दिवसांत पाकीट आलं. सात शपथा होत्या. दोघांच्या कमाईवर दोघांचा हक्क, घरकामाले हात लावीन, तंबाखूचा खर्रा खाणार नाई. अक्षर चांगलं, खाडाखोड नाई. पण चौथ्या कलमाशी अडकलो.

'वर्षालीच्या नावाचं पत्र मी फोडणार नाही. तिची पेटी, तिची पर्स उघडून पाहणार नाही. ती बाहेरून आली तर दारातच तिची उलटतपासणी घेणार नाही.'

चष्मा पुसून पुन्हा वाचलं. काऊन बाप्पा? कोणी मागतलं होतं? माझी बायको देवका तुरीची दाळ निवडून राह्यली होती. तिले वाचून दाखवलं. ती म्हणाली, "चांगलंच तं लिहिलं," अन् खाली पाहून खडे काढत बसली.

तिले काय समजते! आज हा म्हणते तुझं पत्र फोडत नाई, उद्या म्हणन तूबी माझं फोडू नको. म्हणजे ह्याले कोणाचं तरी पत्र येत असन. आमच्या घरी पत्र आलं का मीच फोडतो, मंग ज्याचं त्याले देतो. घरच्या कर्त्या माणसानं पाह्यलं तं बिघडलं काय? पोरगी वर्धेले होस्टेलात होती तवा महिन्यातून दोनदा न सांगता जाऊन तिची पेटी पाहून येत होतो. कधी काही सापडलं नाई. अन् मी पाहत होतो म्हणूनच सापडलं नाई.

दुसऱ्याच दिवशी सकाळची गाडी पकडली, आर्वीले बदलली, पुलगावले उतरून पायीच नाचणगावले गेलो. घरी गेलोच नाई आधी. पानठेल्यावर पोस्टमन भेटला, गुलाब नावाचा. त्याले चहा पाजला अन् हळूच इचारलं, "मास्तरले पत्रं येतात का हो?"

"येतात ना. दर आठवड्याले एक. बाईमाणसाचं अक्षर आहे."

सापडलं! म्हटलं, "कुठून येतात?"

"शिक्का आष्टीचा असते," तो म्हणाला.

आष्टी! म्हणजे माझीच पोरगी. ती पत्रं लिहिते अन् मले पत्ता नाई! अन् त्याची उत्तरं कुठी जातात? आमच्या घरी तं एकबी आलं नव्हतं.

तसाच कैलासच्या घरी गेलो. त्याची माय तानाबाई "या इवाईबुवा" करत पाणी घेऊन आली. मी पाणीबी नाई घेतलं. सरळ कैलासले म्हटलं, "चौथं कलम काऊन लिहिलं?"

पोट्टा गडबडला. मायकडं पाह्यलं. ती आत गेल्यावर म्हणाला, "मामाजी, ते माझं नाई. वर्षालीचं होय. आमी ठरवलं होतं, आपल्याले समोरच्याकडून जे पाहिजे त्याचं एक कलम आपण द्यायचं अन् त्यानं ते आपल्या शपथांत लिहायचं. म्या तिले म्हटलं, माझ्या मायले एकटं पाडू नको. तिनं हे पाठवलं."

"दाखव तिचं पत्र."

"नाई दाखवू शकत, मामाजी. तिचं आहे."

असा राग आला का विचारू नका! पण पस्तीस वर्षं खोट्या साक्षीदारायचे चेहरे पाह्यले म्या. हा खोटं बोलत नव्हता. म्या इचारलं, "अन् तुझी उत्तरं?"

"तिच्या मैत्रिणीच्या पत्त्यावर पाठवतो. रक्षाच्या." मंग खाली पाहून म्हणाला, "घरी पाठवू नको म्हणाली. घरी फोडून भेटते म्हणाली."

फोडणारा मीच होतो. मंग तोच पुढं म्हणाला, "तुमी म्हणसान तं मांडवात वाचत नाई ते. तुमच्या गावचे लोक राहतीन. पण मंग ती लग्नाले उभी नाई राहणार. तसं तिनं सांगतलं आहे."

उठलो अन् पुलगावची वाट धरली. सारा रस्ता मनातल्या मनात भांडत आलो. जिच्यासाठी एवढा पहारा दिला, तिनं मलेच चोर ठरवलं! आता साऱ्या तालुक्यापुढं माझी आब्रू जाणार, नाई तं पोरीचं लग्न मोडणार.

घरी आलो, ओसरीवर चप्पल काढून बसलो. तेवढ्यात वर्षाली बाहेरून आली. म्या काहीच इचारलं नव्हतं. पण ती उंबऱ्यातच थांबली अन् म्हणाली, "रक्षाकडे गेलती, बाबा. अर्धा तास. तिची आई घरीच होती." असं म्हणून तिनं पर्सची चेन उघडली अन् पर्स माझ्यापुढं धरली.

म्या नाई पाह्यलं. मले पाहवलं नाई. म्हटलं, "जा, आत जा."

लग्नाच्या दिवशी मांडव भरला होता. तहसीलीतले झाडून सारे कारकून आलेले. कैलासनं कागद काढला. पहिलं वाचलं, दुसरं, तिसरं. मंग थांबला अन् माझ्याकडं पाह्यलं. वर्षालीच्या हातातला हार खाली आला. तिनं माझ्याकडं पाह्यलंच नाई, नुसती कागदाकडं पाहत राह्यली.

"चौथं वाचा, जवाईबापू," म्या म्हटलं. आवाज फाटला, पण सगळ्यायले ऐकू गेला.

त्यानं वाचलं. माझ्या मागं बसलेले आमचे शेजारी महादेवराव मोठ्यानं बोलले, "वासुदेवराव, हे तं तुमच्यावरच लिहिलं बाप्पा!" सारा मांडव हासला. मी मान खाली घालून उभा राह्यलो. वर्षालीनं हार घातला तवा तिचे डोळे भरले होते, माझेबी.

पंगती बसायच्या आधी देवका जवळ आली. म्हणाली, "अहो, ते चौथं मलेबी लिहून द्या."

अन् तोंडातून निघालंच माझ्या, "काऊन? तुले कोणाचं पत्र येते?"

"कोणाचंच नाई," ती म्हणाली. "माझी माय होती तवा तिचं यायचं. तुमी आधी फोडून वाचता हे तिले समजलं, अन् तिनं लिहिणंच सोडलं."

मंग पदर खोचून ती पंगतीत वाढायले गेली.