वळणावर नेलेला टायर

मित्रांनो, मी हाय एका जीपचा जुना टायर. कामशेत ते पवनानगर, आत माणसं, टपावर माणसं आन् खाली मी. घासून गुळगुळीत झालो तसं पंक्चरवाल्यानं मला मागच्या गवतात फेकलं. पोटात पाणी साचलं, डास झाले. कुणी ढुंकून बघितलं न्हाई.

मग शाळेच्या उज्ज्वलाबाईंनी मला उचललं. लाल-पांढरा रंग दिला आन् शाळेसमोर, रस्ता दोन्हीकडनं लांबवर दिसतो तितं, कडेला ठेवलं.

"पोरांनो, टायरापाशीच थांबायचं. आधी उजवीकडं, मग डावीकडं, परत उजवीकडं बघायचं. गाडी नसली तरच चालायचं. पळायचं नाही."

पोरं मला टायरमामा म्हणायची. वाडीवरची चिंगी, दुसरीतली, रोज मला थाप मारूनच रस्ता वलांडायची.

बाईंनी मोठ्यांनाबी देवळात बोलावलं. दोन-चार बाया आल्या. बाप्ये पारावरनंच खिदळले. "आता बाई आमाला रस्ता वलांडाय शिकवणार व्हय?" श्रीपती सगळ्यात मोठ्यानं हसला.

भातकापणी झाली. श्रीपतीनं वळणापाशी डांबरावर भात वाळत घातलं, सगळेच घालत्यात तसं. गाडी भातावर चढू नये म्हणून त्याला आडवं काहीतरी पायजे हुतं. पोरं वर्गात असताना त्यानं मला लोळवत नेलं आन् वळणावर टाकलं.

शनवारी सकाळची शाळा सुटली. चिंगी मला हुडकत आली. "हितं आलास व्हय रं मामा?"

थाप मारली. थांबली. उजवीकडं बघितलं, तिकडं नुसतं वळण. डावीकडं बघितलं. परत उजवीकडं. गाडी न्हाई. मग चालाय लागली. पळाली न्हाई.

धरणावर फिराय निघालेली गाडी वळणातनं आली ती तिच्या अंगावरच.

श्रीपती धावत आला आन् वरडला, "आदी भात भरा रं, पोलीस येतील!" पोती भरली, मग पोरीला जीपमधी घातली. कोण तरी म्हणालं, "वाडीवरच्या पोरांना अक्कलच न्हाई."

दवाखान्यात चिंगीचा एक पाय गुडघ्यापासनं कापला.

शाळेत परत आली तवा चिंगी बाईंना घाबरत म्हणाली, "बाई, मी पळाले न्हवते. टायरमामापाशीच थांबले हुते."

म्हणून मित्रांनो, आज घरी गेल्यावर मोठ्या माणसाचा हात धरा. त्याला रस्त्यावर आणा, तुमी कुटनं वलांडता ते दाखवा. कंटाळा करंल, हसंल. वढून आणा. चिंगीचे दोन्ही हात आता कुबड्यांवर असत्यात. तुमचे मोकळे हायेत.