मधल्या दाराच्या विटा

माझ्या मोटरसायकलचं तेल धाकटा भाऊ चोरतो, याबद्दल मला शंका उरली नव्हती. विहिरीवरचं त्याचं इंजिन तेल पितं आणि इकडे माझ्या गाडीतलं कमी होतं. गळतं म्हणावं तर गाडीखालची जमीन रोज सकाळी कोरडी. बायको होती तोवर तीच सांगायची, तेल घाला म्हणून. ती गेली आणि माझ्याकडे बघणारं कोणी नाही, हे धाकट्याने बरोबर ओळखलं, असं मी धरून चाललो.

गाडी उभी असते त्या पडवीला कुलूप घातलं. सकाळी बघतो तर गाडीखाली तेलाचं थारोळं. म्हटलं, आता मला येडा ठरवायला दाराच्या फटीतून ओतलं यानं. त्याच दिवशी विटा मागवल्या. दोघांच्या घरांमधलं दार कायमचं बुजवायचं ठरवलं.

विटा उतरवताना धाकटा आला. थारोळं बघून म्हणाला, "दादा, तेल अडवणारं रबरी सील गेलंय. घरीच बदलू."

"तुला बरं ठाऊक."

"माझ्या इंजिनाची काय कमी बदललीत?"

तो तालुक्याहून नवं सील घेऊन आला. मी नको म्हणालो नाही. डोळ्यांसमोर राहील तर बरं, एवढाच हिशेब. तेल सांडू नये म्हणून गाडी उजवीकडे कलती केली आणि माझ्याच विटा तिच्याखाली घातल्या. त्याने साखळी उतरवली, पुढचं दातेरी चाक काढलं. मी प्रत्येक बोल्ट माझ्या टोपीत ठेवून घेतला. जुनं सील निघालं ते वाळक्या चामड्यासारखं कडक. नव्याच्या कडेला तेल लावून त्याने ते जागेवर ठेवलं, वर जुनं ठेवलं आणि म्हणाला, धर सरळ. माझी बोटं त्याच्या हातोडीखाली. तो बोटांकडे बघत हळूहळू ठोकत राहिला.

तेवढ्यात त्याची बायको राखेची पाटी घेऊन पडवीच्या दारात आली. "उघडलंत एकदाचं. कुलपामुळे माझी पंचाईत झाली होती."

"कसली पंचाईत?"

"अक्का रोज उजाडायच्या आत राख टाकून हा डाग पुसायच्या. तुम्हाला दिसला तर गाडी विकून टाकाल म्हणायच्या. मग त्यांना शेतावर मागे बसवून कोण नेणार? आजारात मला सांगून गेल्या, तेवढं बघ म्हणून."

माझ्या बायकोला ती अक्का म्हणायची. टोपीतले बोल्ट एकेक करून धाकट्याच्या हातात दिले.

गाडी सुरू केली, बराच वेळ चालू ठेवली. थेंब पडला नाही. धाकटा हात पुसत म्हणाला, "दादा, एवढ्या विटा कशाला आणल्यास?"

माझी नजर मधल्या दाराकडे गेली. त्याचीही गेली.

"बसायला," म्हटलं.

तो हसला नाही. दोन विटा एकमेकींवर ठेवून खाली टेकला आणि दुसऱ्या दोन माझ्याकडे सरकवल्या.