पाच व्होल्ट गेले कुठे?

मी मल्टिमीटर बोलतोय, वीज मोजणारा. अंगाने पिवळा, तळहाताएवढा, आणि त्या रविवारपासून जरा हवेतच आहे.

बुधवार पेठेतल्या दुकानात टांगलेला होतो. मैत्री नावाच्या मुलीने मला उचलून हडपसरच्या गॅरेजमध्ये आणलं. तिचे वडील बाबुराव इंजिनाचा आजार कानाने ओळखणारे. मला उलटसुलट पाहून त्यांनी विचारलं, "हे खेळणं कशाला?" दोन महिने मी नुसताच पडून होतो.

मग त्या रविवारी अकरा वाजता शुभंकर नावाचा घामाघूम तरुण एक मोटार ढकलत दाराशी आला. स्टिअरिंगवर त्याची बहीण राजनंदिनी. मुंडावळ्या, नऊवारी आणि पायात स्पोर्ट्स शूज! लग्न लोणी काळभोरला, मुहूर्त बारा पन्नासचा. नवरी कुठे गाडी चालवत येते का, असं नवऱ्याचे मामा म्हणाले होते. तेव्हापासून तिने हट्टच धरला होता. शुभंकर रिक्षा बघायला निघाला, तर तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो मुकाट परत आला.

गाडी सुरू होऊन लगेच बंद पडत होती. बाबुरावांनी सांगितलं, गाडीचा कॉम्प्युटर गेलाय, दोन दिवस लागतील. मैत्रीने मला बाहेर काढलं.

माझी लाल-काळी टोकं तिने एका सेन्सरच्या प्लगला लावली. तिथे कॉम्प्युटरकडून पाच व्होल्ट यायला हवेत. मला मिळाले शून्य पॉइंट चार! दुसऱ्या सेन्सरलाही तेवढेच.

"कॉम्प्युटर चांगला असेल, बाबा," मैत्री म्हणाली. "सगळे सेन्सर एकाच लाइनवर आहेत. एखादा आतून शॉर्ट झालाय, म्हणून बाकीचे उपाशी."

टोकं तशीच धरून तिने बाबुरावांना एकेक सेन्सरचा प्लग काढायला लावला. पहिला काढला, मी हललो नाही. दुसरा, तिसरा, चौथा. मी आपला पॉइंट चारवरच. नवरीने पदर खोचून टॉर्च धरला. पाचवा होता एसीच्या पाइपवरचा. तो निघाला आणि माझ्या अंगातून अशी लहर गेली म्हणून सांगू! पाच पॉइंट शून्य शून्य! पाय असते तर बॉनेटवर नाचलो असतो.

बाबुराव माझ्याकडे बघतच राहिले. मग नवरीला म्हणाले, "एसी चालणार नाही, ताई."

"घामाने फोटोत चमकेन," ती म्हणाली आणि तिने चावी फिरवली. इंजिन सुरू झालं ते सुरूच राहिलं.

वाटेत पुन्हा बंद पडली तर, म्हणून तिने बापलेकीलाही ऑइलच्या कपड्यांसकट मागे बसवलं. बारा चाळीसला पोचलो. मामा कार्यालयाच्या दारातच उभे. राजनंदिनीने त्यांच्यासमोर गाडी रिव्हर्समध्ये एका फटक्यात लावली.

मामांनी चष्मा पुसला. "आमच्या पोराला आणायलाही हिलाच पाठवायला हवं होतं," ते म्हणाले. "तो अजून ट्रॅफिकमध्ये आहे."

वरातीत बाबुराव असे नाचले की मी त्यांच्या खिशातून उडालो. काचेला तडा गेला. शेवटचा आकडा आता अर्धाच दिसतो. पण त्या खिशात माझी जागा पक्की झाली आहे.

तेव्हा मंडळी, पार्ट बदलण्याआधी एकदा मला टोकं लावू द्या. आणि घरात लग्न निघालं, तर आमंत्रण द्यायला विसरू नका.